मासळी बाजारातले बदाम

आईला हृदयविकाराचा झटका आला तेव्हा तिच्यासमोर मांदेलीचे काही वाटे शिल्लक होते. ते विकल्याशिवाय ती उठली नाही. छातीत जळजळतेय, रात्रीचे सुक्या बोंबलाचे कालवण बाधले असेल, असे तिने शेजारी बसणाऱ्या मावशीला सांगितले. मावशीने सोड्याची बाटली मागवली. आईने अर्धी बाटली संपवली, शेवटच्या गिऱ्हाइकाशी भाव केला, ओट्यावर पाणी मारले आणि मग मला फोन केला.

"बाय, जरा ये. मना घाम सुटलाय."

डोक्यावर पंखा चालू होता आणि समोर बर्फाचा खोका होता. तरीही घाम का येतो आहे, हा प्रश्न बाजारात कोणाला पडला नाही.

एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद झाली होती. डॉक्टरांनी त्याच दिवशी तिथे स्टेंट बसवला. त्रास सुरू झाल्यावर लगेच का आला नाहीत, असे त्यांनी आईला नंतर विचारले. "माल होता," आई म्हणाली. डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी ते उत्तर कागदावर लिहून घेतले नाही.

मी आईबरोबर पनवेलमध्ये राहते. अनेक वर्षे वृत्तपत्राच्या संपादकीय विभागात काम केले, आता घरून भाषांतराची आणि संपादनाची कामे करते. माझा मोठा भाऊ उलव्याला राहतो. तिकडच्या बांधकामांना रेती आणि खडी पुरवण्याचा त्याचा व्यवसाय आहे. रुग्णालयातून सोडताना डॉक्टरांनी पथ्य सांगितले तेव्हा आम्ही तिघेही त्यांच्यासमोर बसलो होतो.

"तळलेलं बंद. वडे, भजी, फरसाण, सगळं. मीठ कमी. सुकी मासळी अगदी क्वचित."

"क्वचित म्हंजे रोज नाय," आई म्हणाली.

"क्वचित म्हणजे सणाला," डॉक्टर म्हणाल्या. "मधल्या वेळेला भूक लागली की मूठभर सुकामेवा खा. बदाम, अक्रोड. तळलेले नकोत, खारवलेले नकोत. शेंगदाणेही चालतील, पण भाजलेले, बिनमिठाचे."

दादाने शेंगदाण्यांना हरकत घेतली. "मॅडम, बजेटचा काही प्रॉब्लेम नाहीये."

"मी बजेटचं बोलतच नाहीये. शेंगदाण्यातही बरीचशी तीच चरबी असते, हृदयाला चालणारी. आणि एक लक्षात ठेवा. हे गोळ्यांऐवजी नाही. हे फरसाणाऐवजी आहे. गोळ्या रोज घ्यायच्याच. आणि मूठ यांची, तुमची नाही."

दादाने स्वतःच्या पंजाकडे पाहिले. तो मोठा आहे.

अटीची गोष्ट त्यानंतर झाली, बाहेर व्हरांड्यात. अट डॉक्टरांची नव्हती, दादाची होती. आईने आणखी दोन आठवडे घरी आराम करायचा. मग वाटल्यास अर्धा दिवस बाजारात बसायचे. तीन महिन्यांनी रक्ताची तपासणी. कोलेस्टेरॉल खाली आले तर पुढे चालू ठेवायचे. नाही आले तर बाजार कायमचा बंद आणि उलव्याला राहायला जायचे.

"लिफ्ट आहे, एसी आहे, खाली गार्डन आहे," दादा म्हणाला.

"गार्डनात मी काय विकू?"

"विकायचंच नाहीये तुला काही, आये. बसायचं फक्त."

"बसते तर हाय मी. बाजारात."

यावर दादाने गाडी काढली.

बाजारातल्या जागेबद्दल थोडे सांगायला हवे. आई बसते तो ओट्याचा तुकडा तिला तिच्या सासूकडून मिळाला. त्या रांगेत जागा बसणारीची असते. ती फार दिवस रिकामी राहिली की तिथे कोणाची तरी पाटी येऊन टेकते आणि मग ती पाटी उठत नाही. आई रुग्णालयात आणि नंतर घरी होती तेवढे दिवस शेजारच्या मावशीने स्वतःचा बर्फाचा खोका आईच्या जागेवर सरकवून ठेवला होता. कोणी विचारले तर ती सांगायची, वयनी लग्नाला गेलीय. मावशीची सून तेव्हाही तिच्या मागे उभी असायची. ती मासे कापून द्यायची, पाट्या उचलायची. तिला स्वतःची जागा नव्हती. रांगेत एक तुकडा मोकळा झाला तर तो कोणाला मिळणार, हे सगळ्यांना माहीत होते. म्हणून दादाच्या अटीबद्दल बाजारात अवाक्षर काढायचे नाही, असे आईने मला बजावले.

गोळ्यांची जबाबदारी आईने स्वतःकडे ठेवली. ती तिने चोख पार पाडली. सुकामेवा माझ्याकडे आला.

हा विषय मला नवा नव्हता. वृत्तपत्रात दर हिवाळ्यात आरोग्याच्या पानावर सुकामेव्याचा मजकूर जात असे आणि बऱ्याचदा तो माझ्या हातून जात असे. ‘रोज मूठभर बदाम खा, हृदयविकार टाळा’ असा मथळा यायचा. मी ‘टाळा’ काढून ‘धोका कमी होण्यास मदत’ असे करायचे. मथळा लांब व्हायचा, पान लावणारे वैतागायचे. त्या मजकुरात बदाम कोणी खायचे आणि किती खायचे ते असे. ते खाणाऱ्याच्या तोंडापर्यंत कसे पोहोचतात, हे मात्र कधी नसे. त्याची गरज आहे असे कोणालाच वाटले नव्हते, मलाही नाही.

दादाने वाशीच्या घाऊक बाजारातून बदाम आणि अक्रोड आणले. शेंगदाणे आणले नाहीत. पिशव्या इतक्या मोठ्या होत्या की आईने आधी त्या खाटेखाली ठेवल्या आणि मुंग्या लागतील म्हणून परत काढल्या.

आमच्या घरात बदामाचे काही ठरलेले हक्कदार आहेत. परीक्षेला बसलेले मूल, बाळंतीण, पूजेचा प्रसाद आणि दाराशी आलेला व्याही. साठी ओलांडलेली, बाजारात मासे विकणारी बाई यांतल्या कशातच बसत नाही. आईने हे कधी बोलून दाखवले नाही. तिने फक्त पहिली पिशवी उघडली आणि दादाच्या मुलीची चाचणी परीक्षा आहे म्हणून लाडू केले. त्यात साजूक तूप होते, गूळ होता, डिंक तळून घातला होता. डबा उलव्याला गेला. त्यातले दोन लाडू तिने चव बघण्यासाठी खाल्ले.

"बदामच खाल्ले ना?" ती म्हणाली.

त्यानंतर मी पिशव्या माझ्या टेबलाच्या खणात ठेवल्या. रोज सकाळी आईच्या मुठीएवढे बदाम आणि अक्रोड एका स्टीलच्या डबीत भरायचे आणि डबी तिच्या पिशवीत घालायची, असा क्रम सुरू केला. बाजारातून आली की डबी घासायला पडलेली असे. दादा संध्याकाळी फोन करायचा.

"खाल्ले का?"

"डबी रिकामी आली."

"गुड."

डबी रिकामी येत होती, हे खरे होते. पुढचे अनुमान दादाचे होते. दिवाळीत तर त्याने त्याच्याकडे भेट आलेले सुकामेव्याचे खोके आणून दिले. त्यातले काजू तळलेले आणि मसाला लावलेले निघाले. मी ते बाजूला काढले. आईने ते कुठून शोधले माहीत नाही, पण दुसऱ्या दिवशी तेही संपलेले होते.

आईचे वजन मात्र वाढत होते. घरच्या काट्यात काही दोष असेल म्हणून मी त्यावर स्वतः उभी राहिले. काट्यात दोष नव्हता.

दिवाळी होऊन गेल्यावर एकदा आई मोबाइल घरीच विसरली. तो द्यायला मी बाजारात गेले. अकराचा सुमार होता, गर्दी ओसरली होती. मी रांगेच्या दुसऱ्या टोकाने आत शिरले, त्यामुळे आईने मला पाहिले नाही. तिची डबी त्या वेळी तिच्यापासून बरीच लांब होती. कोलंबी विकणाऱ्या बाईच्या हातात होती. तिने दोन बदाम उचलले, डबी पुढे दिली. पुढचीने ओले बोट पदराला पुसून एक अक्रोड घेतला.

"मेंदूसारखा दिसतोय हा."

"मग घे गो दोन. तुला गरज हाय."

डबी अशी रांगभर फिरत गेली. मासे कापणाऱ्या बायकांना मिळाले, बर्फवाल्याला मिळाले. एका नेहमीच्या गिऱ्हाइकाने पापलेटाच्या भावावर नाक मुरडले तेव्हा आईने त्याच्या हातावर बदाम ठेवला आणि तो पापलेट घेऊन गेला. डबी परत आईकडे आली तेव्हा तळाशी एक अर्धा बदाम होता. तो आईने तोंडात टाकला.

इथपर्यंत नुकसान एवढेच होते की आईला सुकामेवा मिळत नव्हता. पण त्या रांगेत फुकट कोणी काही घेत नाही. जिने बदाम घेतला तिला काहीतरी परत करणे भाग होते. कोलंबीवालीने कागदात बांधलेली कांदा भजी पाठवली. पलीकडून अर्धा वडापाव आला. मावशीने घरून आणलेली, तेलात कुरकुरीत परतलेली सुकट आईच्या डबीच्या झाकणावर ओतली. माझ्या डोळ्यांदेखत आईने ते सगळे खाल्ले, कारण आलेले परत करणे हा अपमान झाला असता. डॉक्टरांनी फरसाणाऐवजी सुकामेवा सांगितला होता. इथे सुकामेवा देऊन फरसाण घेतले जात होते.

मी पुढे जाऊन मोबाइल तिच्यासमोर ठेवला.

"आये, हे काय चाललंय?"

"काय चाललंय? बाजार चाललाय."

"बदाम कुणासाठी दिले होते?"

"मग एकटीनं खाऊ? या सगल्या बसल्यात, मी तोंड फिरवून कुडुम कुडुम करू?" तिने रांगेकडे हात केला. "एवढी वर्सं इथं कुणी एकटीनं पाणीपन नाय प्यायलं."

"हो गो बाय," मावशी मध्ये पडली. "आमच्या तब्येती बघ कशा झाल्यात तुझ्या बदामानं. माझं गुडघं दुखायचं थांबलं."

"मावशी, बदाम गुडघ्यासाठी नाहीत."

"त्याला कुठं माहीत हाय ते."

रांगेत हशा पिकला. मी आवाज चढवला, असे आई म्हणते. माझ्या मते गोंगाटात ऐकू जावे एवढाच तो होता.

"रिपोर्ट खराब आला तर दादा तुला उलव्याला नेऊन ठेवणार आहे. बाजार कायमचा बंद. तेव्हा कुणाला वाटशील बदाम?"

हशा थांबला. मावशीच्या मागे सून मासा कापत होती, तिचा हात थांबला. तिने आईच्या जागेकडे पाहिले. अगदी थोडा वेळ पाहिले, पण आईने ते टिपले.

"बोललीस ना," आई हळू आवाजात म्हणाली. "ऐकलं सगल्या बाजारानं. आता जा घरी."

मी घरी आले. त्या दिवशी आई नेहमीपेक्षा उशिरा परतली आणि रात्री जेवताना माझ्याशी बोलली नाही. माझ्या ताटात भात मात्र तिनेच वाढला. जागा गेल्यातच जमा आहे, असे तिने दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी भरताना भिंतीला सांगितले. भिंतीजवळ मी उभी होते.

त्यानंतर बाजारात जे झाले ते मला आईच्या तक्रारींमधून कळत गेले.

"आज भजी माझ्या पुढून गेली. मना कुणी विचारलंपन नाय."

"मावशी काय म्हणाली?"

"बोलली, वयनी, तोंड तिकडं कर."

दुसरी तक्रार अशी, की मावशीने डबी ताब्यात घेतली आहे. डबी उघडली की आधी आईने खायचे, मावशी समोर बघत बसणार, आणि आईचे खाऊन झाल्याशिवाय रांगेत एकही बदाम जाणार नाही. "पोलिसवाली झालीय, जल्ली," आई म्हणाली. सुकट आणणेही मावशीने बंद केले होते. ती आता घरीच खाऊन येत होती.

आई एकटीने खाणार नाही, हे मला मान्य करावे लागले. मग मी दोन डबे भरू लागले. छोट्यात आईचा सुकामेवा आणि मोठ्यात रांगेसाठी घरी भाजलेले, बिनमिठाचे शेंगदाणे. दाणे मी पनवेलच्याच दुकानातून आणले. दादाला कळवले नाही. रांगेला शेंगदाणे बदामांपेक्षा जास्त आवडले. परतफेडीत काकडी येऊ लागली, कधी पेरू, कधी उकडलेल्या शेंगा. कोलंबीवाली बाई मात्र म्हणाली, की मिठाशिवाय दाणे म्हणजे नवऱ्याशिवाय वरात, आणि तिने स्वतःपुरती मिठाची पुडी आणायला सुरुवात केली. तो तिचा प्रश्न होता.

एक गोष्ट मला समजत नव्हती. आई उलव्याला गेली असती तर मावशीच्या सुनेला जागा मिळाली असती. मावशीने फक्त गप्प बसायचे होते. भजी तर आपोआप येत होती. एकदा कोलंबी घ्यायला गेले होते तेव्हा आई पाणी आणायला उठली होती. मी मावशीला सरळ विचारले.

"सुनेला इथं बसवली तर मना दिवसभर बाजूला बसून तिचं तोंड बघावं लागंल," मावशी म्हणाली. "घरी बघते तेवढं बस हाय."

मागून सून म्हणाली, "ऐकू येतंय मना."

"ऐकू यावं म्हनूनच बोलते."

याहून वेगळे काही कारण असेल तर ते मावशीने सांगितले नाही आणि मी पुन्हा विचारले नाही. कोलंबीत मला दोन नग जास्त मिळाले.

तीन महिने झाल्यावर रक्त तपासले. रिपोर्ट घेऊन आम्ही तिघे पुन्हा डॉक्टरांसमोर बसलो. आईने सकाळपासून काही खाल्ले नव्हते, उपाशीपोटी तपासणी आदल्या दिवशीच होऊन गेली होती तरीही. तिने नवे लुगडे नेसले होते. नेहमी पिशवी मांडीवर घेऊन बसते, त्या दिवशी तिने ती पायाशी ठेवली आणि दोन्ही हातांनी खुर्ची धरली.

डॉक्टरांनी कागद वाचला. दादाने घसा साफ केला.

"छान," डॉक्टर म्हणाल्या. "वाईट कोलेस्टेरॉल बऱ्यापैकी खाली आलंय."

"अक्रोड," दादा म्हणाला. "मी वाशीवरून आणतो, मॅडम. चांगल्या क्वालिटीचे."

"मुख्य काम गोळ्यांचं आहे. तळलेलं कमी केलं त्याचाही भाग आहे. सुकामेव्यानं थोडी मदत होते. चालू ठेवा." त्यांनी आईकडे पाहिले. "दम लागतो का चालताना?"

"नाय. म्हंजे मी बसू ना आता?" आई म्हणाली.

"बसलाच आहात की."

"इथं नाय. बाजारात."

डॉक्टरांनी आधी माझ्याकडे आणि मग दादाकडे पाहिले. "बाजारात बसू नका असं कोणी सांगितलं? मी तर मागच्याच वेळी म्हटलं होतं, हळूहळू नेहमीचं काम सुरू करा. जड उचलू नका, एवढंच. छातीत काही वाटलं तर माल विकत बसू नका."

"आणि रिपोर्ट वाईट आला असता तर?" मी विचारले.

"तर गोळीचा डोस वाढवला असता. बाजाराचा त्यात काय संबंध?"

दादा कागदाची घडी घालत होता. ती आधीच घातलेली होती, म्हणून त्याने ती उलगडली आणि पुन्हा घातली.

"पाट्या कोण उचलणार पण?" तो म्हणाला. "पाट्या जड असतात, मॅडम."

"मावशीची सून उचलील," आई म्हणाली. "तिच्याशी माझं ठरलंय. दुपारनंतर माझ्या जागेवर ती बसंल, तिचा माल लावंल. मी तशी पन दुपारी घरी जाते. सकाळी ती माझ्या पाट्या उचलील."

"कधी ठरलं हे?" दादाने विचारले.

"ठरलं. तुला कशाला सांगायचं? तू काय बाजारात बसतोस?"

हे मलाही माहीत नव्हते. ते मी बाजारात ओरडले त्याच दिवशी ठरले होते, म्हणून आई त्या दिवशी उशिरा आली होती. हे मावशीने मला पुढे केव्हातरी सांगितले. रिपोर्ट कसाही आला असता तरी अर्धी जागा आईच्या नावावर राहावी, अशी ती तजवीज होती. दादाला तिने कसे पटवले असते, ते तिने ठरवले नव्हते. ते वेळेवर बघू, असे तिचे म्हणणे होते.

बाहेर आलो तेव्हा ऊन वर आले नव्हते. दादाची गाडी दुरुस्तीला होती, म्हणून रिक्षा केली. आई आणि मी मागे बसलो. दादा आमच्या शेजारी मावला नसता, तो रिक्षावाल्याजवळ पुढे टेकला.

"कुठं?" रिक्षावाल्याने विचारले.

दादाने घराचा पत्ता सांगायला तोंड उघडले.

"मासली बाजार," आई मागून म्हणाली. "लवकर चल रं. आज बोंबील चांगला आलाय, फोन आलेला."

दादाने आरशातून तिच्याकडे पाहिले. मग तो थोडा सरकला आणि रिक्षावाल्याला हात हलवायला जागा करून दिली.